चाकोरी मोडू नकोस, गल्लीत वळव

पत्राचा गोषवारा

सांगलीची एक सत्तावीस वर्षांची वाचक नोकरीसाठी चौदा महिन्यांपासून बंगळुरूत आहे. मल्लेश्वरममध्ये एका मुलीबरोबर फ्लॅट घेऊन राहते. त्या मुलीची रात्रपाळी, त्यामुळे दोघींची गाठ पडते ती फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून. सकाळी आठ-दहाला कंपनीची कॅब गेटपाशी येते, हेब्बाळच्या पुढच्या ऑफिसात सोडते आणि साडेसात-आठला पुन्हा गेटपाशी आणून सोडते. भाजी, दूध, गोळ्या, जेवण सगळं फोनवरून दारात येतं. शनिवार धुण्याचा, रविवार झोपेचा. नव्या वर्षात तिने ठरवलं होतं की दर रविवारी बंगळुरूतली एक नवी जागा बघायची. जानेवारीत लालबागचं पुष्पप्रदर्शन झालं, पुढच्या रविवारी एक नाव झालेलं कॅफे झालं, आणि संकल्प तिथेच संपला. मग मागच्या महिन्यात ताप आला. जवळचा डॉक्टर माहीत नव्हता. वॉचमनला विचारलं तर बिल्डिंगच्या मागे वळून दोनशे पावलांवर दवाखाना निघाला. अरुंद गल्ली, दोन्हीकडे घरांच्या पाठी, दवाखान्याखाली टेलरचं मशीन, कोपऱ्यावर फुलवाली. "चौदा महिने मी त्या कोपऱ्याच्या अलीकडे राहत होते, ताई. आई फोनवर विचारते, तुझ्या घराच्या आजूबाजूला काय काय आहे गं, आणि मी विषय बदलते. पुण्यात तीन वर्षं होते, ते शहर आपोआप माझं झालं. इथे तसं काही होत नाही. कन्नड येत नाही, एकटीनं फिरायचा कंटाळा येतो आणि जरा भीतीही वाटते. ही चाकोरी मोडायची कशी? की सरळ पुण्याला बदली मागू?"

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तापापाशी अडले, दुसऱ्यात कुर्त्यापाशी. कुर्त्यावर तू एकच ओळ खर्च केली आहेस, तीही कंसात: निळ्या कुर्त्याची बगलेतली शिवण चार महिन्यांपूर्वी उसवली, दिवाळीला सांगलीला गेले की आमच्या शिंप्याकडून घालून आणेन. त्या कंसाकडे मी शेवटी येणार आहे.

आधी तुझा शब्द बघू. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी कच्च्या रस्त्यात पडलेली खोबण. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल त्या खोबणीतून गाडी घरी आणतात. चाकोरीला आपण उगाच नावं ठेवतो. तू दारातून निघून दारात येईपर्यंत अकरा-बारा तास जातात, आणि तरी तुझे कपडे धुतलेले असतात, आईला फोन जातो, पगारातून पैसे मागे पडतात. हे त्या खोबणीचंच काम आहे. ती मोडून दर रविवारी नवं काहीतरी करायचं म्हणजे दमलेल्या बैलाला शेतातून आडवं पळवायचं. दोन रविवारांत तो संकल्प मोडला यात तुझा आळस मला दिसत नाही. संकल्पच चुकीच्या जागी केला होतास.

कारण त्यात तू शहर 'बघायला' निघाली होतीस. लालबाग हैदर अलीनं १७६० साली करायला घेतलेली बाग. काचघर सुंदर आहे, तो प्रचंड खडकही बघण्यासारखा आहे. पण सव्वीस जानेवारीच्या आठवड्यात तिथे अख्खं बंगळुरू लोटतं. तू रांगेत उभी राहिलीस, फोटो काढलेस, डोकं दुखवून परत आलीस. हे तर सांगलीहून सहलीला आलेल्या मुलीनंही केलं असतं. चौदा महिने राहणाऱ्या बाईला जे माहीत असायला हवं, म्हणजे डॉक्टर कुठे, किल्ली कोण करून देतं, रात्री नऊनंतर उघडं मेडिकल कुठलं, ते लालबागेत कळत नाही. त्यासाठी बिल्डिंगच्या मागे वळावं लागतं. तू वळलीस ती ताप आल्यावर.

इथेच मला तुझ्या 'आपोआप' या शब्दाशी जरा भांडायचं आहे. पुणे आपोआप माझं झालं, असं तू लिहितेस. पण तूच दुसऱ्या पानावर सांगतेस की तिथे नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचीस, चौघी एका खोलीत. मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी. आता मला सांग, रविवारी संध्याकाळी पोटात कावळे ओरडायला लागले की तुम्ही चौघी काय करायचात? कुठे तीस रुपयांत पोट भरतं ते शोधत पेठा पालथ्या घालायचात. स्कूटी पंक्चर झाली की ढकलत न्यायचीस, चष्म्याची दांडी तुटली की अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कोण लावून देईल ते विचारत फिरायचीस, सबमिशनच्या आदल्या रात्री उघडं झेरॉक्सचं दुकान हुडकायचीस. पुणे तुझं झालं ते या असल्या कामांनी. खिशात पैसे नव्हते आणि मेस बंद होती, म्हणून पाय बाहेर पडले.

बंगळुरूत तुला पगार बरा आहे. त्यातून तू एकेक अडचण दूर केलीस. कोथिंबीर दहा मिनिटांत दारात, गोळ्या दारात, इडली दारात, कॅब गेटात. यात काही गैर नाही. मीही मागवते, पावसात तर हमखास. पण अडचणीबरोबर बाहेर पडायचं कारणही गेलं. काम नसताना माणूस रस्त्यावर उगाच हिंडत नाही, आणि हिंडलाच तर दुसऱ्या कोपऱ्यावर त्याला आपण कशाला आलो असं वाटायला लागतं. तुला येतो म्हणतेस तो एकटीनं फिरायचा कंटाळा बहुतेक हाच असावा. हातात पिशवी आणि पिशवीत एक काम असलं की कंटाळा येत नाही, कुणी बरोबर नाही हेही जाणवत नाही. टेलरकडे जाताना मैत्रीण लागत नाही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. चाकोरी मोडू नकोस, तिला गल्लीत वळव. ज्या गोष्टी तू दारात बोलावतेस त्यातल्या तीन-चार परत रस्त्यावर नेऊन ठेव.

कुठल्या? सगळी भाजी नको, दमून जाशील. पालेभाजी आणि कोथिंबीर ठेव. फुलं ठेव, तुझ्याकडे देव नसले तरी. चप्पल शिवणं, किल्लीची नक्कल, कुर्ता. आणि पीत असलीस तर कॉफीची पूड. हे शेवटचं जरा सविस्तर सांगते, कारण १९९०च्या दशकाच्या शेवटी मीही मल्लेश्वरममध्ये अडीच वर्षं काढली आहेत, नव्या लग्नाची, हातात नोकरी नाही, कन्नडचा गंध नाही. आमच्या घराजवळ कॉफी दळून देणारं एक दुकान होतं. चक्कीतून गरम पूड बाहेर पडायची, वास दोन क्रॉसपर्यंत, म्हणजे दोन आडव्या रस्त्यांपर्यंत जायचा. पहिल्या दिवशी दुकानदारानं विचारलं, "चिकोरी एष्टु?" चिकोरी किती घालू, असं. मला चिकोरी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. (कॉफीत मिसळतात ती एका मुळाची पूड.) मी पुण्याची, चहावाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, बॉम्बे? मी म्हटलं, पुणे. तो म्हणाला, हां हां, बॉम्बे, आणि स्वतःच ठरवून वीस टक्के चिकोरी घातली. पुढे सहा महिने मी बॉम्बेच होते. एकदा माहेरी महिनाभर राहून परत गेले तर पूड बांधता बांधता त्यानं विचारलं की ऊट सरी होगलिल्वा, म्हणजे जेवणाखाण्याचं नीट जमलं नाही का, वाळलात. माझं कन्नड तोवर एवढं समजण्याइतकं झालं होतं. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. मराठीत याला फार चांगला शब्द आहे: तोंडओळख. जिवलग मैत्रिणी मिळायला वर्षं लागतात, कधी मिळतही नाहीत. तोंडओळख सहा फेऱ्यांत होते. तुझ्या पत्रात मैत्रिणींची उणीव मला फारशी दिसली नाही, तोंडओळखीची दिसली.

आणि 'सहा फेऱ्या' हे मुद्दाम म्हणते आहे. दर वेळी नवी जागा, नवं दुकान, असा नियम करू नकोस. तीन आठवडे एकाच फुलवालीकडे जा, त्याच वेळेला. बंगळुरूत हार-गजरे 'मोळ'वर विकतात: बाई कोपर टेकवते आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सर लावून मोजते. बारीक चणीच्या बाईचा मोळ आखूड आणि धिप्पाड बाईचा लांब, त्यावरून गिऱ्हाइकं थट्टा करतात. आपल्याकडे 'हात' होताच की मापाला. मल्लिगे म्हणजे मोगरा, सेवंतिगे म्हणजे शेवंती, कनकांबर म्हणजे आपली अबोली. पहिल्या आठवड्यात ती तुला भाव सांगेल, दुसऱ्यात मान हलवेल, तिसऱ्यात दोन फुलं वर घालेल. किंवा नाही घालणार, काही फुलवाल्या फार कडक असतात.

आता तू राहतेस त्या जागेविषयी थोडं, कारण तुला तुझी गल्ली कुठली हे ठाऊक नाही असं दिसतं. १८९७चा पुण्याचा प्लेग आपण शाळेत वाचलेला असतो. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, तो बंगळुरूत शिरला. जुन्या पेठेतल्या दाटीवाटीत माणसं मरायला लागली, तेव्हा मोकळ्या हवेच्या दोन नव्या, आखीव वसाहती वाढीला लागल्या: बसवनगुडी आणि तुझं मल्लेश्वरम. म्हणून तिथले रस्ते असे ताणून बसवलेल्या दोरीसारखे सरळ आहेत. दक्षिणोत्तर ते मेन, पूर्व-पश्चिम ते क्रॉस, आणि क्रॉसचे आकडे उत्तरेकडे वाढत जातात. हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही. फोन पिशवीत ठेवून चाल, पाट्या वाचत. आणि घरांच्या दोन रांगांच्या मधे पाठीमागून जाणारी अरुंद गल्ली ठेवली ती सफाईसाठी, भंग्यानं पुढच्या दाराशी न येता मागून मैला न्यावा म्हणून. मुंबईत जिला घरगल्ली म्हणतात, तीच. कल्पना स्वच्छतेची होती आणि तिच्यात जातही होती, दोन्ही. तू वर्णन केलेली दवाखान्याची गल्ली, दोन्हीकडे घरांच्या पाठी असलेली, ती माझ्या अंदाजानं याच सफाई गल्ल्यांपैकी एक. मल्लेश्वरमचं पुढचं तोंड दुकानांनी आणि बॅनरांनी भरून गेलंय. घरं अजून दिसतात ती मागून: शेवग्याचं झाड, दगडी धुण्याची फरशी, कुणाची तरी सायकल, भिंतीवरून डोकावणारं लिंबाचं झाड. एका शनिवारी सकाळी एकच गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल. पंधरा मिनिटांचं काम.

रस्त्यांची नावंही वाच. संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता. तुझं मेट्रो स्टेशन त्याच नावाचं आहे. मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा. झाडं किती उरली आहेत ते तूच मोजून सांग.

मग आहे काडु मल्लेश्वर, ज्याच्यावरून तुझ्या भागाला नाव पडलं. काडु म्हणजे रान. रानातल्या मल्लेश्वराचं हे देऊळ सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी बांधलं असं सांगतात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ ते. बंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती हे तुला माहीतच आहे. या देवाला एक गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेखही आहे. म्हणजे आपली माणसं तुझ्या आधी साडेतीनशे वर्षं तिथे राहून गेली, आणि हे तू मला कळवायचं तर मीच तुला पुण्यातून कळवते आहे. देवळासमोर नंदीतीर्थ आहे. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खाली शिवलिंगावर पडते आणि तिथून पुष्करणीत जाते. १९९७पर्यंत हे सगळं मातीखाली होतं, खोदताना सापडलं. मी तिथे राहायला गेले तेव्हा लोक अजून त्याबद्दलच बोलत होते. पण बघ, मीसुद्धा तुला पर्यटन सांगायला लागले. देवळात जायचं तर सोमवारी सकाळी गर्दीत जाऊ नकोस. एखाद्या कामाच्या संध्याकाळी कॅबमधून उतरून जा, पुष्करणीच्या पायरीवर दहा मिनिटं बैस आणि घरी जा. तिथून अठराव्या क्रॉसच्या बाजूला सँकी तलाव आहे. १८८२ साली कर्नल सँकीनं बांधून घेतला, पाणीटंचाईला उपाय म्हणून. पहाटे तिथे अर्धं मल्लेश्वरम गोल गोल चालत असतं. चालणाऱ्यांत कानटोपी घातलेले आजोबा दिसले तर हसू नकोस, बंगळुरूत अठरा अंशांना हिवाळा म्हणतात.

भाषेचं. भांडणाचे व्हिडिओ बघून घाबरलीस असं लिहितेस. भांडणं होतात, खोटं कशाला बोलू. आपल्याकडेही मराठीवरून होतात आणि तेव्हा आपल्याला आपली बाजू बरोबर वाटते. पण भांडणारा माणूस शोधत असतो तो तोरा. मोडकं बोलणाऱ्यावर सहसा कुणी चिडत नाही. 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड माहीत नाही, हे इंग्रजी ठसक्यात म्हणून पुढे चालू लागायचं, याचा तिथे राग आहे. त्याऐवजी 'कन्नड कलीता इदीनि' म्हण: कन्नड शिकते आहे. समोरचा स्वतःच शिकवायला लागेल, कधी कधी नको इतकं.

आणि तू सांगलीची आहेस गं. मिरजेच्या बाजारात कानडी ऐकत मोठी झालीस. अण्णा, अक्का, आज्जी हे शब्द तुला शिकायला नकोत. तुपाला तुप्प, कोथिंबिरीला कोत्तंबरी, थोडं म्हणजे स्वल्प. साकु म्हणजे पुरे, बेकु म्हणजे हवं, बेड म्हणजे नको. एवढ्यावर महिनाभराचा बाजार होतो. विटीदांडू खेळताना 'वकट, लेंड, मुंड, नाल' म्हणत आपली आजोबापिढी मोजायची, ते दक्षिणेकडचेच आकडे. एक सावधगिरी मात्र घे: तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. तिशीतल्या भाजीवालीला लाडानं ताई म्हणशील तर ती कपाळाला आठ्या घालेल.

वेळ कुठून काढू, हा तुझा रास्त प्रश्न. संध्याकाळी परत येतेस तेव्हा अंधार पडलेला असतो, बंगळुरूत वर्षभर पावणेसहा ते सातच्या दरम्यान दिवस मावळतो. तेव्हा मोठं फिरणं संध्याकाळी नकोच. आठवड्यातून दोन सकाळी पावणेसात ते साडेसात, आणि एखाद्या शुक्रवारी, कॅब वेळेत आली असेल तर, गेटऐवजी आठव्या क्रॉसच्या बाजारापाशी उतर. तिथे साडेसातला सगळा गाव जागा असतो, दिवे लखलखत असतात. कंपनीचा घरापर्यंत सोडायचा नियम असेल तर तो मोडू नकोस आणि ड्रायव्हरलाही अडचणीत आणू नकोस. घरी उतरून पिशवी घेऊन परत जा. भीती वाटते त्या गल्लीत अंधारात जायचं नाही, यात कसलाही कमीपणा नाही. ज्या गल्लीत सकाळी चार माणसं ओळखीची झाली ती महिन्याभरानं संध्याकाळीही आपली वाटते. फूटपाथवर मात्र खाली बघून चाल: गटारावरच्या फरश्या डगमगतात, आणि एखादी नसतेच.

भूक लागली की बाहेर उभ्यानं खा. दर्शिनी नावाचा प्रकार बंगळुरूचाच: आधी कूपन घ्यायचं, मग काउंटरवर ताटली, मग उंच टेबलापाशी उभं राहून खायचं. एकटीनं हॉटेलात बसायला अवघडतं ना? इथे कुणीच बसत नाही, त्यामुळे एकटं कोण आणि दुकटं कोण ते कळतच नाही. वीणा स्टोअर्सच्या इडलीसाठी लोक फुटपाथवर ताटली घेऊन उभे असतात, त्यात मोटारीतून आलेलेही असतात. ती रूममेट रात्रपाळीहून परत येते ती सकाळीच ना? फ्रिजवर चिठ्ठी लाव: 'शनिवारी सात वाजता, इडली, मग तू झोप.' कॉफी 'बाय टू' सांगा. एका कॉफीचे दोन पेले. आपलं कटिंगच, फक्त स्टीलच्या पेल्यात.

एक घरबसल्या करायची गोष्ट. कागद घे आणि घर मधे काढून भोवतीचा नकाशा आठवेल तसा काढ, फोन न बघता. मला वाटतं गेट, कॅबची जागा, एटीएम, मेट्रो आणि आता दवाखाना, एवढंच येईल. बाकी कोरं. जिथे कोरं आहे तिथे पुढचं काम काढ. महिन्यानं पुन्हा काढ, पहिला न बघता. आईला फोनवर सांगायचं काय, ते त्या कागदावर असेल.

आता बदली. पुण्याला जाऊ का, याचं उत्तर मी दोन तुकड्यांत देते. आई एकटी आहे, तिची तब्येत तोळामासा असते, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. त्यासाठी जायचं असेल तर अवश्य जा. ते कारण पुरेसं आहे, त्याला दुसऱ्या कारणाचा टेकू लागत नाही. पण मल्लेश्वरममध्ये मन रमत नाही म्हणून जाणार असशील तर थांब. पुण्यात तुला आता नारायण पेठेतली कॉट मिळणार नाही. बाणेरला किंवा वाकडला लिफ्टचा फ्लॅट मिळेल, गेटात कॅब येईल, कोथिंबीर दहा मिनिटांत येईल. तुझी चाकोरी तुझ्या सामानाबरोबर येईल. ऑफिसजवळ घर घ्यावं का, असंही तू विचारतेस. प्रवासाचा दीड तास वाचेल हे खरं, पण मल्लेश्वरमसारखी चालती गल्ली सोडून काचेच्या इमारतींत जाशील. मी नसते गेले.

महाराष्ट्र मंडळात जा, जरूर जा, गणपतीत तर जाच. फक्त आधी गल्लीतल्या चार तोंडओळखी होऊ देत. नाहीतर बंगळुरूत राहून बंगळुरूबद्दल मराठीत तक्रार करणाऱ्यांचा एक छान कट्टा जमतो आणि दहा वर्षं निघून जातात. मी पाहिलं आहे.

अशाच पत्रांचा एक गठ्ठा माझ्याकडे नेहमी असतो, हैदराबादहून, चेन्नईहून, आणि पुण्याच्याच टोकाला टाउनशिपमध्ये राहणाऱ्यांचीही. त्यातल्या बऱ्याच जणांची अडचण वेगळी असते: गेटाबाहेर गल्लीच नाही, आठपदरी रस्ता आहे. त्यांनी गावठाण शोधावं. प्रत्येक आयटी उपनगराच्या पोटात एक जुनं गाव असतं, आणि त्याला गावासारखा बाजार, पार, पिठाची गिरणी असते. हिंजवडीत राहून ज्यांना गाव म्हणजे फेज वन-टू-थ्री वाटतं, त्यांनी चैत्रात म्हातोबाच्या यात्रेचं बगाड बघावं. व्हाइटफिल्डलासुद्धा, मॉलच्या गर्दीआड, १८८२ साली वसवलेल्या अँग्लो-इंडियन वस्तीचा इनर सर्कल आहे. केस कापणं, चप्पल शिवणं, दळण: ही तीन कामं गावठाणात करायची, इतकंच. घरी दोन लहान मुलं असलेल्यांना तर मुलंच बाहेर काढतात, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. बायकांसाठी आणखी एक: कर्नाटकचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र असेल तर 'शक्ती' योजनेत ११ जून २०२३पासून साध्या बसला तिकीट पडत नाही. दोन स्टॉप आधी उतरलं, चुकीच्या बसमध्ये बसलं, काही बिघडत नाही.

एक गोष्ट हळूच विचारते. तुझी रविवारची झोप दमल्याची आहे, की उठून करायचं काय म्हणून येणारी? पहिली असेल तर झोप, पोटभर झोप, बाहेर पडायचं ओझं घेऊ नकोस. दुसरी असेल, आणि जेवणात, कामात, फोनवर बोलण्यातही लक्ष लागेनासं झालं असेल, तर गल्लीत फिरून ते जाईल असं मी म्हणणार नाही. दवाखाना आता माहीत झाला आहे, डॉक्टरांना सांग. किंवा १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

राहिला कुर्ता. दिवाळीपर्यंत तो ठेवायचा नाही. चार महिने उसवलेली शिवण दोनशे पावलांवर वीस-तीस रुपयांत घालून मिळत असताना ती सांगलीला न्यायची, म्हणजे तू अजून सांगलीतच राहतेस. येत्या शनिवारी सकाळी कुर्ता पिशवीत घाल आणि दवाखान्याखालच्या टेलरकडे दे. लगेच घालून देतो म्हणाला तर नको म्हण, नंतर येते म्हण; म्हणजे दोन फेऱ्या होतील. 'नाळे' म्हणजे उद्या, हा शब्द तुला तिथे हमखास ऐकायला मिळेल, आणि तो उद्या कधी उगवतो ते सगळ्या देशातल्या शिंप्यांचं सारखंच. आमच्या वेळी त्या भागातले टेलर पावती देत नसत. कपड्याच्या कोपऱ्याला चिंधी बांधत आणि तिचा दुसरा तुकडा आपल्या हातात देत. अजून तसंच करतात का, ते मला कळव.

तुझी,
ताई